डेम्लो स्टेशनावरची सतरा आकडी संख्या

भोर आणि वेल्ह्याच्या आम्ही गटसमन्वयक आज एका मास्तरांबद्दल बोलणार आहोत. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर, जन्म 1905, डहाणूचा. शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये. 1927 साली त्यांना गणितातलं रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालं. पुढं 1930 पासून 1962 पर्यंत देवळालीला शाळामास्तर. पदवीपुढचं शिक्षण नाही, म्हणून आपल्याकडच्या कित्येक गणितज्ञांनी त्यांना मनावरच घेतलं नाही. 1975 साली मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या मासिकात लिहिलं, तेव्हा नाव जगभर झालं.

जीआयपी रेल्वेवरच्या डेम्लो, म्हणजे आजच्या डोंबिवली स्टेशनावर त्यांना एका जातीच्या संख्या सुचल्या. त्यांना नावही स्टेशनाचंच दिलं. अकराला अकरानं गुणा, 121. एकशे अकराचा वर्ग 12321. असं करत नऊ एक मांडून वर्ग केला, की येतात 12345678987654321. चढण चढून घाट उतरावा तशी. हिच्या आकड्यांची बेरीज 81, आणि 81 नं ही सतरा आकडी संख्या निःशेष भागली जाते. स्वतःच्या बेरजेनं भागल्या जाणाऱ्या अशा संख्यांना कापरेकरांनी हर्षद म्हटलं, आनंद देणाऱ्या.

त्यांची 6174 तर घरी करून बघा. समजा 4800. आकडे मोठ्याकडून लहानाकडं, 8400, उलटे, 0048. वजाबाकी 8352. पुन्हा तसंच, 8532 वजा 2358, आले 6174. आता पुढं कितीही करा, 6174 च. चारही आकडे सारखे नसले की कोणतीही चार आकडी संख्या जास्तीत जास्त सात वेळांत इथंच येते.

या खेळात दर वजाबाकीला नऊनं भाग जातो. कारण साधं आहे. दशकातला 5 एककात आला की 50 चे 5 होतात, 45 कमी. शेकड्यातला आला तर 495 कमी. दोन्हींत नऊ आहेतच.

हे आम्हाला रोकडवहीत उपयोगी पडलं. एका गटात शिल्लक 180 रुपयांनी कमी भरली. सचिवताईंवर संशय आला, बैठकीत आवाज चढले. 180 ला नऊनं भाग जातो, म्हणून पैशाआधी आकडे तपासू म्हटलं. सभासदांच्या पासबुकांची बेरीज 1,350 होती, वहीत लिहिले होते 1,530. ताईंनी नंतर चहासुद्धा घेतला नाही, तशाच घरी गेल्या. आरोप करायला कितीसा वेळ लागतो!

नऊनं भाग गेला म्हणजे आकडेच उलटे पडले, असं मात्र धरू नका. नव्वद रुपये खरोखर हरवूही शकतात. पण आधी वही पासबुकांशी ताडून बघा. भाग गेला नाही, तर राहून गेलेली पावती शोधा.