शिल्लक बत्तीस

दर रविवारी आमचे चिरंजीव मित्र जमवून हॉलमध्ये लढाया करतात. तलवारी नाहीत, फासे. सूत्रधार चिरंजीवच. फासा पडला की म्हणतात, “आठ गेले!” समोरचा वीर वहीत चाळिसातून आठ वजा करतो. म्हटलं, अरे, हे तर आमचं विथड्रॉवल!

चौकशी केली. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ साली अमेरिकेत निघाला. कर्ते दोघे. पैकी गॅरी गायगॅक्स पूर्वी विमा कंपनीतले. (वाटलंच मला!) दुसरे डेव्ह आर्नेसन, हे ‘हिट पॉइंट’ त्यांनी आरमारी लढायांच्या खेळातून उचलले. म्हणजे हिशोब मुळात जहाजांचा. जहाज भोक पडलं तरी कळवळत नाही. तसाच आमचा वीर एक शिल्लक असेपर्यंत ठणठणीत, शून्यावर खलास. १९७९ साली गायगॅक्सनी सूत्रधारांसाठीच्या ग्रंथात खुलासा केला, की या आकड्यात नशीब अन् कौशल्यही धरलंय. प्रत्येक आकडा म्हणजे रक्त नव्हे. १९८० च्या ‘आर्म्स लॉ’नं दुसरं टोक गाठलं: कुठलं हाड मोडलं, रक्त किती वाहतंय, सगळ्याची कोष्टकं!

चिरंजीवांना कोष्टकं आवडली. एका रविवारी त्यांनी गुडघ्याची वाटी अशी रसभरीत फोडली, की एक मुलगा पाणी प्यायला उठला तो चपला घालून घरीच गेला. त्याचे वडील महिन्यापूर्वी स्कूटरवरून पडले होते. गुडघाच.

संध्याकाळी चिरंजीव त्याच्या घरी जाऊन आले. काय बोलले, मी विचारलं नाही. पुढच्या रविवारी तो आला. फासा पडला.

“तलवार ढालीवरून घसरली. हाताला झिणझिण्या. आठ गेले.”

“बत्तीस आहेत अजून,” तो म्हणाला.