कला पुनर्प्राप्ती

तरंगाच्या तीव्रतेच्या मोजमापांवरून त्याची कला गणिताने शोधून काढण्याच्या प्रक्रियेस कला पुनर्प्राप्ती असे म्हणतात. येथे कला म्हणजे तरंगाच्या आवर्तनातील स्थिती. चंद्राची कला जशी त्याच्या मासिक चक्रातील स्थान दर्शवते, तशी. स्फटिकशास्त्र, प्रकाशशास्त्र व खगोलशास्त्र या शाखांत ही प्रक्रिया महत्त्वाची आहे.

कलेचा लोप

दृश्य प्रकाशाची कंपने सेकंदाला सुमारे ५०० लाख कोटी इतकी असतात. कोणताही संवेदक इतक्या वेगाने प्रतिसाद देऊ शकत नाही. तो फक्त सरासरी तीव्रता, म्हणजेच आयामाच्या वर्गाच्या प्रमाणात असणारी राशी नोंदवतो. कला नोंदवली जात नाही. वस्तूच्या कडा आणि तिच्या भागांची परस्पर स्थाने यांची बरीचशी माहिती मात्र कलेतच असते. त्यामुळे क्ष-किरणांच्या विवर्तनचित्रावरून स्फटिकातील अणूंची रचना थेट काढता येत नाही. यास 'कला-समस्या' म्हणतात.

पद्धती

हरवलेली माहिती भरून काढण्यासाठी वस्तूविषयी आधीपासून ज्ञात असलेल्या गोष्टींचा आधार घ्यावा लागतो. इलेक्ट्रॉन घनता ऋण नसते व ती अणूंच्या ठिकाणी एकवटलेली असते, या तथ्यांवर आधारित 'प्रत्यक्ष पद्धती' विकसित केल्याबद्दल हर्बर्ट हाउप्टमन व जेरोम कार्ल यांना १९८५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

गर्चबर्ग व सॅक्सटन यांनी १९७२ मध्ये आवर्ती पद्धत मांडली. तीत प्रतिमेच्या व विवर्तनाच्या अशा दोन प्रतलांतील तीव्रता मोजतात. प्रथम कला अंदाजाने घेतात. फूरिये रूपांतराने एका प्रतलातून दुसऱ्यात जाऊन गणिती आयामाच्या जागी मोजलेला आयाम ठेवतात, कला मात्र तशीच राखतात. दोन्ही मोजमापांशी मेळ बसेपर्यंत हा क्रम चालू राहतो.

१९९० मध्ये हबल दुर्बिणीच्या २.४ मीटर व्यासाच्या आरशातील दोष ताऱ्यांच्या अस्पष्ट प्रतिमांवरून निश्चित करताना कला पुनर्प्राप्तीचा उपयोग झाला.

महाराष्ट्रातील संबंधित कार्य

पुणे जिल्ह्यातील खोडद येथील जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोपमध्ये प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० ॲन्टेना आहेत. रेडिओ तरंगांची सापेक्ष कला मोजता येते. परंतु आयनांबरामुळे ती विकृत होते. तीन ॲन्टेनांच्या त्रिकोणातील कलांची बेरीज केल्यास प्रत्येक ॲन्टेनाची त्रुटी एकदा धन व एकदा ऋण येऊन नाहीशी होते. या बेरजेला 'संवृत कला' म्हणतात. ही कल्पना रॉजर जेनिसन यांनी १९५८ मध्ये मांडली. ३० ॲन्टेनांच्या ४३५ जोड्या होतात आणि त्यांतून ४०६ स्वतंत्र संवृत कला मिळतात. त्यामुळे विकृत मोजमापांतूनही आकाशाची विश्वसनीय प्रतिमा तयार करता येते.

मर्यादा

उत्तर नेहमी एकमेव नसते. वस्तू सरकवली किंवा केंद्राभोवती उलटवली, तरी विवर्तनाची तीव्रता तीच राहते. एकमितीय समस्येत तर परस्परांहून अगदी भिन्न उत्तरेही संभवतात. म्हणून मिळालेली रचना स्वतंत्र पुराव्याने पडताळणे आवश्यक ठरते.

हे सुद्धा पहा

विवर्तन
व्यतिकरण
फूरिये रूपांतर