क्लाइने गाइस्टलिशे कोन्झेर्टे : युगलगीते

जर्मन संगीतरचनाकार हाइनरिख शुट्स (१५८५–१६७२) याच्या ‘क्लाइने गाइस्टलिशे कोन्झेर्टे’ (लहान धार्मिक रचना) या १६३६ व १६३९ मधील दोन संग्रहांतील, दोन आवाज आणि ऑर्गन यांसाठीच्या रचना. पहिल्या संग्रहातील २४ रचनांपैकी ११ युगलगीते आहेत.

पार्श्वभूमी : ड्रेस्डेनच्या दरबारात संगीतप्रमुख असताना शुट्सने १६१९ मध्ये अनेक गायकवृंद व वाद्ये योजून दावीदाच्या स्तोत्रांना भव्य संगीतरूप दिले होते. तीस वर्षांच्या युद्धात (१६१८–४८) सॅक्सनी १६३१ मध्ये ओढली गेली. दरबारी गायक-वादकांचे पगार थकले, संख्या रोडावली. हाताशी उरलेल्या मोजक्या गळ्यांसाठी त्याने हे संग्रह रचले. लोदोव्हिको व्हियादानाने १६०२ मध्ये व्हेनिसला छापलेल्या, एक ते चार आवाज व ऑर्गन यांसाठीच्या शंभर रचनांनी ही वाट आधीच घालून दिली होती. व्हेनिसला जोव्हान्नी गाब्रिएलीकडे शिकलेल्या शुट्सला ती इटालियन शैली परिचित होती.

रचना : शब्द मुख्यतः मार्टिन ल्यूथरच्या जर्मन बायबलमधले. ऑर्गनवादकासमोर केवळ खर्जाची स्वरओळ असते. तिच्यावरून आणि असल्यास तिच्यासोबतच्या अंकांवरून वरचे स्वरसंघात तो स्वतः भरतो. हा ऑर्गन नळ्यांचा. मराठी संगीत नाटकातल्या पायपेटीहून वेगळा. एक आवाज ओळ उचलतो, दुसरा तीच वेगळ्या उंचीवर घेतो आणि आर्जवाच्या जागी दोघे एकत्र येतात. ‘एर्‌ह्योरं मिख’ (दोन सोप्रानो) या चौथ्या व पाचव्या स्तोत्रांवरील रचनेत देवाला घातलेली साद पुन्हा पुन्हा येऊन तीव्र होते. ‘आइन्स बिट्टं इख’ (दोन टेनर) सत्ताविसाव्या स्तोत्रावर, तर ‘फ्युर्ख्टं डिख निख्ट’ (दोन बास) यशयाच्या अभयवचनावर आधारलेली आहे. दोन खर्जाच्या आवाजांमुळे त्या अभयाला विलक्षण वजन येते.

महत्त्व : टंचाईतून जन्मल्या म्हणून या रचनांना भव्य कृतींची कमी प्रत मानणे अन्यायाचे ठरेल. वृंदगायनात विरून जाणारा शब्द येथे स्वच्छ ऐकू येतो आणि शब्दाच्या अर्थातूनच चाल घडते. फिलिप स्पिट्टाच्या संपादनाखाली १८८५ पासून निघालेल्या समग्र आवृत्तीमुळे त्या पुन्हा अभ्यासकांच्या हाती आल्या. दोन तयारीचे गायक आणि एक ऑर्गनवादक एवढ्यावर लहान चर्चमध्येही त्या सादर करता येतात.