शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया

भारत इतिहास संशोधक मंडळाची जुनी वृत्ते दिसायला साधी आहेत. कोणत्या सभेत कोणी कोणते टिपण वाचले, कोणत्या घराण्याने कोणते दप्तर दाखवायला दिले, कोणता ताम्रपट कोणाकडे निघाला, असा त्यांचा मजकूर. ७ जुलै १९१० रोजी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे आणि सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांनी पुण्यात हे मंडळ काढले. सुरुवातीचा कारभार मेहेंदळ्यांच्या वाड्यातूनच चाले. हाती आलेला कागद आधी छापायचा आणि त्याच्यावर वाद नंतर घालायचा, ही राजवाड्यांची शिस्त मंडळात मुरली. म्हणूनच या वृत्तांत निष्कर्षांपेक्षा कच्चा माल अधिक सापडतो. शके १८३८ मधले, म्हणजे १९१६ सालचे, चतुर्थ संमेलनाचे वृत्त हे त्याचे सर्वांत मोठे उदाहरण. लोकमान्य टिळकांनी सादर केलेली जेधे शकावली त्यात छापली गेली.

शकावलीला कथा नसते. शक, संवत्सर, महिना, तिथी, वार आणि पुढे एका ओळीत घटना, एवढाच तिचा साचा. जेध्यांची शकावली शके १५४० मध्ये औरंगजेबाच्या जन्मापासून सुरू होते आणि शके १६१९ पर्यंत चालते. भोरजवळच्या कारी गावच्या जेधे देशमुखांकडे ती होती. कान्होजी जेध्यांचे हे घराणे. अफजलखान चालून आला तेव्हा आदिलशाही फर्मान मिळूनही ते शिवाजी महाराजांच्या बाजूने उभे राहिले. या शकावलीत शके १५५१, शुक्ल संवत्सर या सदराखाली एक नोंद आहे. फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार, हस्त नक्षत्र या दिवशी शिवनेरीवर शिवाजीराजे जन्मले, असा तिचा आशय. नक्षत्रापुढे घटी-पळेही दिलेली आहेत.

ही ओळ छापली गेली तेव्हा महाराष्ट्राच्या मनात दुसरीच तिथी पक्की होती. बखरींच्या आधाराने शके १५४९, प्रभव संवत्सर, वैशाख शुद्ध द्वितीया, म्हणजे इसवी सन १६२७, हे साल सर्वत्र चालत आले होते. दोन तारखांत जवळजवळ तीन वर्षांचे अंतर आहे. राजांचे वय तीन वर्षांनी कमी धरले, तर तोरण्यापासूनच्या सगळ्या आरंभीच्या हालचालींकडे पाहण्याची नजर बदलते. म्हणून हा केवळ उत्सवाच्या दिवसाचा वाद नव्हे.

आधी बखरींचे वजन पाहू. महाराजांच्या निधनानंतर वीस वर्षांच्या आत लिहिणारा कृष्णाजी अनंत सभासद जन्मतिथी देतच नाही. तिथी देणाऱ्या बखरी पुष्कळ उत्तरकालीन आहेत. मल्हार रामराव चिटणिसांची बखर तर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभाची, जन्मानंतर पावणेदोनशे वर्षांनी लिहिलेली. शिवाय तिथी आणि वार या दोन्हींत बखरी आपसातही जुळत नाहीत. साक्षीदार अनेक असले तरी एकाचे ऐकून दुसऱ्याने सांगितले असेल, तर संख्येला अर्थ उरत नाही. स्वतः टिळकांनी १९०० साली ‘केसरी’तून या तिथीविषयी शंका मांडली होती, पण तेव्हा त्यांच्या हाती दुसरा आधार नव्हता.

तो आधार १९०७ च्या सुमारास आला. दयाजीराव सर्जेराव ऊर्फ दाजीसाहेब जेधे देशमुखांनी शकावली टिळकांकडे दिली. येथे नोंदीत एक पोकळी आहे. कागद मिळाला १९०७ च्या सुमारास आणि छापला गेला १९१६ मध्ये. मधल्या काळातील एक गोष्ट निश्चित आहे : जून १९०८ मध्ये टिळकांना अटक झाली आणि मंडालेहून ते जून १९१४ मध्ये सुटून आले. उशिराचे कारण हेच असावे, असा तर्क सहज सुचतो. पण तो तर्कच आहे. सुटकेनंतर दोन वर्षे लागली ती टिळकांना शकावलीतल्या इतर तिथी पडताळून पाहायच्या होत्या म्हणून, असेही म्हणता येईल. ज्योतिर्गणितात इतक्या मुरलेल्या माणसाने तिथी न तपासता कागद सभेपुढे ठेवला असेल, हे मला तरी संभवनीय वाटत नाही.

ती पडताळणी आपणही करून पाहू. संवत्सरांच्या साठ वर्षांच्या चक्रात शके १५४९ ला प्रभव येतो, १५५० ला विभव आणि १५५१ ला शुक्ल. शकावलीतला शक आणि संवत्सर परस्परांशी जुळतात. पण एवढे ज्ञान कोणत्याही कारकुनाला असे, त्यामुळे याला फार मोल नाही. नक्षत्राचेही तसेच. फाल्गुनात चंद्र फाल्गुनी नक्षत्रांच्या आसपास पूर्ण होतो आणि त्यापुढचेच नक्षत्र हस्त. तेव्हा जवळजवळ कोणत्याही वर्षीच्या फाल्गुन वद्य तृतीयेला चंद्र हस्ताच्या आगेमागेच असणार. खरी कसोटी वाराची. तिथीला वार बांधलेला नसतो, दर वर्षी तो बदलतो. अंदाजाने लिहिणाऱ्याचा वार सातांतून सहा वेळा चुकतो. जुन्या ज्युलियन गणनेने ही तिथी १९ फेब्रुवारी १६३० ला येते. आजच्या ग्रेगोरियन गणनेने तोच दिवस १ मार्च. वार काढला तर शुक्रवार मिळतो.

एक वार जुळणे हा योगायोगही असू शकतो. मग शकावलीच्या इतर नोंदी काय सांगतात? अफजलखानाचा वध तिने शके १५८१, विकारी संवत्सर, मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी, गुरुवार असा दिला आहे. १० नोव्हेंबर १६५९ ला गुरुवारच होता. आग्र्याहून सुटकेची नोंद तर याहून बोलकी आहे. शकावली श्रावण वद्य द्वादशी सांगते, म्हणजे १७ ऑगस्ट १६६६. जयपूर दरबारात जपलेली, आग्र्याहून पाठवलेली राजस्थानी पत्रे पुढे जदुनाथ सरकार आणि रघुबीर सिंह यांनी प्रसिद्ध केली. राजे निसटल्याचे १८ ऑगस्टला उघड झाले, हे त्या पत्रांवरून कळते. कारीच्या देशमुखांच्या घरात बसून लिहिणाऱ्याला आंबेरच्या राजाची ही खाजगी पत्रे पाहायला मिळणे शक्यच नव्हते. हा मेळ पाहिल्यावर शकावलीचा कर्ता तिथी कल्पनेने भरत नव्हता, त्याच्यासमोर जुनी टिपणे होती, असे म्हणायला मन धजावते. तो कोण होता, हे कोठेच लिहिलेले नाही. उपलब्ध प्रत ही मूळ आहे की नक्कल, हाही प्रश्न उरतोच.

१९१६ नंतर वाद मिटला असे मात्र झाले नाही. जदुनाथ सरकारांनी १९१९ च्या आपल्या इंग्रजी शिवचरित्रात १६२७ हेच साल धरले. एका घराण्याच्या कागदावर जुनी परंपरा मोडायला ते तयार नव्हते, आणि तेव्हाच्या पुराव्यावर ही सावधगिरी अगदीच गैर म्हणता येत नाही. पुण्यात द. वि. आपटे आणि स. म. दिवेकर या दोघांनी मात्र या तिथीचा पिच्छा सोडला नाही. त्यांच्या संपादनाखाली १९२५ मध्ये मंडळाने ‘शिवचरित्रप्रदीप’ काढला आणि शकावलीसह महत्त्वाची साधने एका जागी आणली.

दुसरा साक्षीदार तंजावरहून आला. कवींद्र परमानंद महाराजांच्या पदरचा कवी. त्याच्या ‘शिवभारत’ या संस्कृत काव्याची पोथी दिवेकरांना तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मिळाली. एकतीस अध्याय पूर्ण आणि बत्तिसाव्यातले नऊच श्लोक, येथे काव्य तुटते. पुढचा भाग कवीने लिहिलाच नाही की तो हरवला, ठाऊक नाही. सुदैवाने जन्माचे वर्णन सहाव्या अध्यायातच आहे. तेथे शक आकड्यांत न देता भू, बाण, प्राण आणि चंद्र अशा शब्दांत सांगितला आहे. भू एक, बाण पाच, प्राण पाच, चंद्र एक. असे शब्दांक उजवीकडून डावीकडे वाचायचे असतात आणि त्यात चूक होण्याचा धोका नेहमी असतो. पण १५५१ ही संख्या उलटसुलट कशीही वाचली तरी तीच राहते! पुढे शुक्ल संवत्सर, शिशिर ऋतू, फाल्गुन, कृष्ण पक्षातली तृतीया आणि रात्रीची वेळ. कारी आणि तंजावर यांत शेकडो मैलांचे अंतर, एक वतनदाराचे टिपण तर दुसरे दरबारी महाकाव्य, आणि तिथी तीच.

मंडळाने ‘शिवभारत’ १९२७ साली, शके १८४९ मध्ये, मराठी भाषांतरासह प्रसिद्ध केले. त्याच वर्षी ३ मे रोजी, वैशाख शुद्ध द्वितीयेला, महाराजांच्या जन्माचा त्रिशतसांवत्सरिक उत्सव साजरा होत होता. गो. स. सरदेसायांनी संपादित केलेला इंग्रजी स्मरणग्रंथ त्या निमित्ताने निघाला. जुन्या तिथीचा सर्वांत मोठा उत्सव आणि नव्या तिथीचा सर्वांत बळकट आधार एकाच सालातले.

तिसरा पुरावा मला सर्वांत अधिक विचार करायला लावतो. जोधपूरच्या एका ज्योतिषी घराण्याच्या संग्रहात राजेरजवाड्यांच्या कुंडल्या होत्या. त्यांत शिवाजीराजांची निघाली. संवत १६८६, फागुण वदि ३, शुक्रवार, सूर्योदयापासून ३० घटी ९ पळे. संवत १६८६ म्हणजे शके १५५१. इथे चोखंदळ वाचक हरकत घेईल, आणि ती योग्यच आहे. मारवाडात महिना पौर्णिमेला संपतो, दक्षिणेत अमावास्येला. मारवाडी फागुण वदि ही आपली माघ वद्य, म्हणजे तब्बल एक महिना आधीची. मग मेळ कसला?

उत्तर कुंडलीच्याच आकड्यांत आहे. रवी दहा राशी ओलांडून तेवीस अंशांवर दाखवला आहे, म्हणजे कुंभेत. एक महिना आधी तो मकरेत असता. म्हणजे लिहिणारा मारवाडचा, पण महिना दख्खनच्या रीतीचा. लग्न सिंहेचे, एकोणतिसावा अंश. रवी आणि लग्न यांत अर्ध्या वर्तुळाहून किंचित जास्त अंतर, म्हणजे सूर्य नुकताच मावळलेला. ३० घटी ९ पळे म्हणजे सूर्योदयानंतर बारा तास चार मिनिटे. फाल्गुनातला दिवस बारा तासांहून थोडा लहान, तेव्हा हिशेब सूर्यास्ताच्या लगेच पुढच्या वेळेवरच येतो. परमानंदाची ‘रात्र’ इथे बसते. पंचांगाचा वार सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत मोजला जात असल्याने शुक्रवारही कायम राहतो.

महिना दख्खनचा आहे यावरून ही माहिती दक्षिणेतूनच जोधपुराकडे गेली असावी, हा तर्क बळकट ठरतो. केव्हा आणि कोणाबरोबर गेली, याचा कागद नाही. १६७८ पर्यंत हयात असलेले जोधपूरचे महाराजा जसवंतसिंह दख्खनच्या मोहिमेवर होते, १६६३-६४ मध्ये ते सिंहगडाला वेढा घालून बसले होते. त्या छावणीतून एखाद्या ज्योतिष्याने शत्रूची कुंडली मिळवली असेल काय? कुंडलीला राजकीय मोल असे, हे खरे. पण याहून पुढे पुरावा जात नाही.

या तर्कातून एक अडचणीचा प्रश्न मात्र उभा राहतो. जोधपूरची कुंडली दक्षिणेतल्या जन्मपत्रिकेवरून उतरवली असेल, शकावलीतली घटी-पळे तशाच एखाद्या पत्रिकेतून आली असतील आणि परमानंदानेही दरबारातली पत्रिकाच पाहिली असेल, तर आपले तीन साक्षीदार मुळात एकच ठरतात. मग त्यांचे एकमत हा तिप्पट पुरावा नव्हे. पण तो एक साक्षीदार जन्मवेळी मांडलेली पत्रिका असेल, तर पावणेदोनशे वर्षांनंतरच्या बखरीपुढे त्याचे पारडे जडच राहते. जन्मतिथी ठरवण्यासाठी १९६६ साली महाराष्ट्र शासनाने नेमलेल्या समितीपुढे हीच सगळी साधने होती. आज शासकीय शिवजयंती १९ फेब्रुवारीला होते. ज्या पत्रिकेवरून हे सारे उतरले असण्याचा संभव आहे, ती मूळ पत्रिका अजून मिळालेली नाही. मावळातल्या देशमुख-देशपांड्यांची, आणि तंजावरकडे गेलेल्या मराठी घराण्यांची कितीतरी दप्तरे आजही रुमालात बांधलेलीच आहेत.