अपूच्या नावातला उल्लेख

‘द सिम्प्सन्स’ ही अमेरिकन ॲनिमेशनपटांची विनोदी मालिका १७ डिसेंबर १९८९ रोजी फॉक्स वाहिनीवर सुरू झाली. तिच्या इतिहासाचा मोठा भाग हा उल्लेखांचा इतिहास आहे. तिचे जनक मॅट ग्रेनिंग यांनी स्वतःच्या आईवडिलांची आणि बहिणींची नावे पात्रांना देऊन ही परंपरा आरंभापासूनच रुजवली होती.

पुढे या उल्लेखांच्या दोन धारा झालेल्या आम्हांला दिसतात. पहिली बहुश्रुत प्रेक्षकासाठी. १९९०च्या हॅलोविन-भागात एडगर ॲलन पो यांची ‘द रेव्हन’ ही कविता दृश्यरूप घेऊन आली. १९९३च्या ‘रोझबड’ला ऑर्सन वेल्स यांच्या ‘सिटिझन केन’चा (१९४१) आधार होता. प्रसिद्धिविन्मुख कादंबरीकार टॉमस पिंचन यांनी २००४मध्ये स्वतःच्या पात्राला आवाज दिला. पडद्यावर मात्र त्यांच्या डोक्यावर कागदी पिशवी होती!

दुसरी धारा आतल्या गोटातल्या विनोदाची. ‘ए ११३’ हा कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ द आर्ट्समधील एका वर्गखोलीचा क्रमांक. तेथे शिकलेल्या ब्रॅड बर्ड यांनी १९९०मध्ये दिग्दर्शित केलेल्या भागात तो अटक झालेल्या विदूषकाच्या पोलिसी छायाचित्रावर झळकतो. १९९८मध्ये होमरने फळ्यावर लिहिलेले एक समीकरण फर्माच्या प्रमेयाला खोटे पाडल्यासारखे भासते; साधे गणकयंत्रही फसते. व्हिडिओ रेकॉर्डरवर चित्र थांबवून पाहणारा प्रेक्षक अशा विनोदांना लाभला होता.

या सर्वांत एक पथ्य पाळलेले आढळते. ज्याला उल्लेख कळत नाही, त्याच्याही हाती काही तरी निर्दोष उरते. पिंचन ठाऊक नसले, तरी पिशवी घातलेला माणूस गमतीदारच वाटतो. आपल्या काव्यशास्त्राच्या भाषेत, व्यंग्यार्थ हुकला तरी वाच्यार्थ तग धरतो.

हे पथ्य जिथे मोडले, ते उदाहरण आपल्या जवळचे आहे. ‘द टेलटेल हेड’ या १९९०च्या भागात अपू हा भारतीय दुकानदार प्रथम आला. भागाचे शीर्षक पो यांच्या कथेवरील श्लेष आणि पात्राचे नाव सत्यजित राय यांच्या चित्रत्रयीतून घेतलेले. ‘पथेर पांचाली’चा (१९५५) अपू अशा रीतीने अमेरिकेत पोचला. पण हे अभिवादन ओळखणारे किती? बहुसंख्य प्रेक्षकांपर्यंत पोचला तो हँक अझारिया या गोऱ्या नटाने काढलेला हेल. हरी कोंडाबोलू यांच्या ‘द प्रॉब्लेम विथ अपू’ (२०१७) या माहितीपटात दक्षिण आशियाई वंशाच्या अमेरिकनांनी या नावाने झालेली हेटाळणी सांगितली. २०२०मध्ये अझारिया यांनी ही भूमिका सोडली.

येथे व्यंग्यार्थात आदर होता आणि वाच्यार्थात उपहास. आदर समजण्यासाठी राय पाहिलेले असावे लागत. उपहासाला कसलीच पूर्वतयारी लागत नव्हती. म्हणून शाळेच्या मैदानात उपहासच पोचला.

विडंबन शिकवताना आपण सहसा ‘हा उल्लेख कशाचा?’ एवढेच विचारतो. तो न ओळखणाऱ्याच्या हाती काय उरते, हा दुसरा प्रश्नही विचारायला हवा. उल्लेखाची नैतिक कसोटी, आमच्या मते, तेथेच लागते.