दारी येणारी परिचारिका

इ. स. १८५९ साली लिव्हरपूल येथील विल्यम रॅथबोन नावाच्या व्यापाऱ्याची पत्नी दीर्घ दुखण्याने निवर्तली. तिची शुश्रूषा मेरी रॉबिन्सन ह्या परिचारिकेने केली होती. आपल्यासारख्या सधन घरी जिचा एवढा आधार वाटला, ती गरिबांच्या घरी गेल्यास काय होईल, असे मनात येऊन रॅथबोन ह्यांनी तिला तीन महिन्यांकरिता त्याच कामावर नेमले. महिन्याभरातच ती रडत परत आली. इतके दैन्य आपणास पाहवत नाही, मला मोकळे करा, असे तिचे म्हणणे पडले. मोठ्या मिनतवारीने ती पुन्हा गेली आणि मुदत संपता संपता हेच काम पुढे चालवण्यास राजी झाली. घरोघर फिरणाऱ्या परिचारिकेचा इतिहास बहुधा येथून सांगतात. परंतु माझ्या मते त्यातील मर्म रडण्यात नसून परत जाण्यात आहे. कारण जुनाट रोग्यास एका भेटीचा उपयोग फारच थोडा.

आपल्याकडे हे काम निराळ्या वाटेने आले. पुण्याच्या सेवासदनात रमाबाई रानडे ह्यांच्या नेतृत्वाखाली पांढरपेशा घरांतील स्त्रिया, त्यांतही विधवा, परिचारिकेचे शिक्षण घेऊ लागल्या, तेव्हा परक्याच्या अंगास हात लावणारा धंदा म्हणून समाजाने नाके मुरडली. त्या टीकेस न जुमानता ज्या शिकल्या, त्यांचे ऋण मोठे आहे. तथापि त्यांची संख्या ती किती! १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या भोर समितीच्या अहवालात साऱ्या हिंदुस्थानाकरिता परिचारिका सुमारे ७,००० आणि आरोग्यभेटी देणाऱ्या स्त्रिया अवघ्या ७५० दाखविल्या आहेत. १९५१ पासून सहायक परिचारिका-प्रसाविकांचे शिक्षण सुरू झाले, ते मुख्यतः बाळंतपण व बालसंगोपन डोळ्यांपुढे ठेवून. पुढे कुटुंबनियोजनाचा भार त्यांच्या शिरी पडला. ही सर्व कामे आवश्यकच होती. पण बाळंतपण एक दिवस उरकते, लस एकदा टोचली म्हणजे वहीत खूण होते. वर्षानुवर्षे न हटणाऱ्या दुखण्याची नोंद कोणत्या रकान्यात करावी?

ह्या प्रश्नाचे एक उत्तर मद्रास येथे मिळाले. १९५६ साली तेथे १९३ क्षयरोग्यांवर एक प्रयोग आरंभण्यात आला. काहींस आरोग्यधामात ठेवले, काहींस त्यांच्याच दाट वस्तीतील घरी औषध दिले. वर्षाअखेर दोहोंकडील गुण जवळजवळ सारखाच आढळला आणि घरच्या माणसांस अधिक बाधा झाल्याचेही दिसले नाही. १९५९ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध होताच आरोग्यधामांविषयीची समजूत डळमळली. परंतु एक गोष्ट सांगावयाची राहून जाते. घरच्या रोग्यांकडे नियमाने भेटी होत. अचानक जाऊन गोळ्या मोजल्या जात. लघवी तपासून औषध पोटात गेले की नाही हे पाहत. घर हे रुग्णालयाच्या तोडीस उतरले, ते दार ठोठावणारी माणसे होती म्हणून.

आता नंदुरबार जिल्ह्याकडे वळू. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळ्या झालेल्या ह्या जिल्ह्यात २०११ च्या गणनेप्रमाणे दर १०० माणसांत ६९ आदिवासी आहेत. भिल्ल, पावरा वगैरे जमातींत सिकलसेल हा रक्ताचा रोग पिढ्यान्‌पिढ्या उतरत आला आहे. शिकागोच्या हेरिक ह्या वैद्याने तो प्रथम १९१० साली वर्णिला. आपल्या देशात तो आहे हे नीलगिरीतील आदिवासींच्या रक्तावरून १९५२ साली कळले. त्यात रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात, रक्तवाहिन्या तुंबतात आणि हाडे फोडून टाकणारी वेदना उठते. रोज गोळी घेणे, पाणी भरपूर पिणे, थंडी टाळणे व ताप येताच दवाखाना गाठणे, हा बहुतेक रोग्यांचा नित्यक्रम. हे सांगण्यास, पुन्हा पुन्हा सांगण्यास, उपकेंद्रातील सिस्टर आणि २००५ नंतर गावोगाव आलेल्या आशा ह्यांजवाचून दुसरे कोण आहे? डोंगरी भागात ३,००० वस्तीमागे एक उपकेंद्र असावे असा नियम आहे. पण सातपुड्यातील पाडा म्हणजे एकेका टेकडीवर एकेक घर, आणि नर्मदेच्या फुगवट्याकाठी तर नावेवाचून गती नाही. तेथे तरंगता दवाखाना फिरतो.

चालण्याहून कठीण भाग बोलण्याचा. पावरी वा भिली न समजणाऱ्या बाईस वेदना कोठे उठते हेही नीट कळत नाही. विवाहाची गोष्ट त्याहून नाजूक. आईबाप दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भास चारांत एक इतका धोका असतो, म्हणून पत्रिकेऐवजी रक्त जुळवा, असा उपदेश करणारे पुष्कळ भेटतात. ज्या समाजात पत्रिकाच नाही तेथे हा उपदेश कोणाकरिता, देव जाणे. शिवाय मुलीच्या रक्ताची वार्ता पाड्यात फुटली तर दोष तिच्याच माथी येतो, मुलाच्या नव्हे. हे जाणणारी परिचारिका तपासणीचा कागद हलक्या आवाजात वाचते.

दिवाळीनंतर खरी परीक्षा. कुडाचे दार दोरीने बांधून कुटुंबेच्या कुटुंबे गुजरातेत ऊसतोडीस जातात. पहाटेच्या थंडीत उभे राहणे, दिवसभर घाम गाळणे, पाणी दूर. ह्या रोगास जे जे वर्ज्य, ते सर्व तेथे एकत्र होते. मद्रासच्या प्रयोगात घर जागचे हलत नव्हते. येथे घरच चालू लागते आणि परिचारिकेची वही मागे राहते. होळीस माणसे परततात. त्या आठवड्यात पाड्यावर चढणाऱ्या सिस्टरला ढोलाच्या आवाजात एकेकास जवळ बोलावून प्रथम हेच विचारावे लागते, की गोळ्या कधी संपल्या.