कच्चं मडकं आणि बंद ताटी

आयटीत चार-पाच वर्षं काढलेल्या माणसाने ती चाचणी एकदा तरी दिलेली असतेच. अनोळखी लोकांत गप्पा मारायला आवडतं का, फोन वाजला की कंटाळा येतो का, असे पाच-पन्नास प्रश्न आणि शेवटी कपाळावर चार अक्षरांचा शिक्का. त्यातलं पहिलं अक्षर महत्त्वाचं. अंतर्मुख की बहिर्मुख? मग अप्रेझलला अंतर्मुखांना सांगतात की काम उत्तम आहे, पण जरा 'कम्युनिकेशन' वाढवा. बहिर्मुखांना जरा गप्प बसायला शिका असं कुणी सांगितल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

हे दोन शब्द आजच्या अर्थाने रूढ केले कार्ल युंगने, १९२१ सालच्या आपल्या मानसिक प्रकारांवरच्या ग्रंथात. त्याला लाजाळू आणि बोलका एवढंच म्हणायचं नव्हतं. माणसाचं लक्ष आणि जीवनशक्ती कुठे ओढ घेते, आत की बाहेर, हा त्याचा प्रश्न होता. शंभर टक्के एकाच प्रकारचा माणूस नसतो हेही तो सांगत होता. कॉर्पोरेट ट्रेनिंगच्या चाळणीतून येता येता यातलं बरंच गळून गेलं. असो.

पण मंडळी, हाच प्रश्न आपल्याकडे शेकडो वर्षं चघळला गेलाय आणि त्याचा मोठा भाग आमच्या हिंगोली जिल्ह्यात घडल्याचं सांगतात. मी मूळचा साखऱ्याचा, सेनगाव तालुक्यातला. साखऱ्याहून सेनगावमार्गे हिंगोलीला निघालं की वाटेत कयाधू नदीकाठी नर्सी लागतं. परंपरेने मानलेलं नामदेवांचं जन्मगाव, साल १२७०. हिंगोलीवरून पुढे गेलं की औंढा नागनाथ. म्हणजे कथेची दोन टोकं एकाच जिल्ह्यात.

कथा सगळ्यांना माहीत आहे, तरी थोडक्यात सांगतो. संतमंडळी जमली होती. मुक्ताबाईने गोरोबाकाकांना विचारलं, हे काय हो? काका म्हणाले, थापटणं. याने मडकं कच्चं की पक्कं ते कळतं. मग आमची पण परीक्षा घ्या की! काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारलं. सगळे गप्प बसले. नामदेव मात्र चिडले, बोलले आणि 'कच्चं मडकं' ठरले. लक्षात घ्या, तोवर नामदेव म्हणजे पंढरपूरचं चालतंबोलतं कीर्तन. खुद्द विठ्ठल ज्याच्याशी गप्पा मारतो असा भक्त. चारचौघांत हा शिक्का बसल्यावर ते रडत विठ्ठलाकडेच गेले. विठ्ठल म्हणाला, गुरू कर, विसोबा खेचरांकडे जा. आमच्याकडे सांगतात त्याप्रमाणे विसोबा औंढ्याच्या देवळात पिंडीवर पाय टाकून निवांत पडले होते. नामदेव भडकले, तेव्हा विसोबा म्हणाले, बाबा, जिथे देव नाही तिथे माझे पाय उचलून ठेव. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे.

गंमत म्हणजे हेच विसोबा आधी ज्ञानेश्वरादी भावंडांना छळण्यात पुढे होते, असंही परंपरा सांगते. गावभर बोंब मारणारा माणूस पुढे देवळात शांत पडून राहणारा गुरू होतो. आता याला चार अक्षरांत कसं बसवायचं?

महिपतींनी 'भक्तविजय' लिहिला १७६२ साली, म्हणजे नामदेवांनंतर चारशेहून अधिक वर्षांनी. त्यामुळे असं घडलंच, असं या कथांवरून सिद्ध होत नाही. पण इतकी वर्षं लोकांनी हीच कथा का सांभाळली, हा इतिहासाचाच प्रश्न आहे. ती वाचून माझ्यासारख्या घुम्या माणसाला बरं वाटतं, की बघा, सगळ्यात बोलका तोच कच्चा निघाला! पण तेवढ्यावर थांबता येत नाही, कारण परंपरेने ताटीची कथाही जपली आहे.

लोकांच्या टोमण्यांनी वैतागून ज्ञानेश्वर झोपडीची ताटी लावून आत बसले. आणि ताटी उघड म्हणून बाहेरून विनवणी कोण करतंय? तीच मुक्ताबाई. जिने मडकी तपासायला लावून नामदेवांना आत वळवलं, तीच सख्ख्या भावाला बाहेर बोलावते. दोन्ही वेळा वयाने सगळ्यांत धाकटी तीच.

मला सगळ्यात आवडते ती विहिरीची गोष्ट. ज्ञानेश्वर आणि नामदेव तीर्थयात्रेला निघाले. कल्पना ज्ञानेश्वरांची, बरं का. नामदेवांचा पाय पंढरपुरातून निघत नव्हता. मारवाडात दोघांना तहान लागली. विहीर दिसली, पण पाणी पार तळाशी. ज्ञानेश्वरांनी योगबळाने सूक्ष्म रूप घेतलं, आत उतरून पाणी पिऊन आले आणि म्हणाले, तुझ्यासाठीही आणतो. नामदेवांनी नकार दिला. त्यांनी विठ्ठलाला अशी काही हाक मारली की विहीरच भरून वाहू लागली. तहान दोघांचीही भागली. ज्ञानेश्वरांनी उलट नामदेवांचं कौतुकच केलं, यावरून त्यांच्यात भांडण झालं नाही.

आणि विसोबांचा उपदेश घेऊन नामदेव गप्प झाले का? छे! ते आणखी लांब गेले. पंजाबात घुमानला त्यांचं स्थान आहे, २०१५ साली मराठी साहित्य संमेलन तिथेच भरलं होतं. गुरु ग्रंथ साहिबात त्यांची ६१ पदं आहेत. ज्ञानेश्वरांबद्दल आपल्याला जे माहीत आहे त्यातलं कितीतरी नामदेवांच्या नावावरच्या अभंगांतून आलंय, आदि, तीर्थावळी, समाधी. आत वळलेल्या माणसाचं चरित्र त्याच्या बोलक्या मित्राने लिहिलं. नामदेव नसते तर?

त्या ६१ पदांतलं एक देवळाचं आहे. नामदेव आनंदात देवळात गेले, पण हलक्या जातीचा म्हणून उठवून त्यांना हाकलण्यात आलं. ते मागे जाऊन बसले आणि देऊळ त्यांच्याकडे फिरलं. आमच्याकडे हीच गोष्ट औंढ्याच्या देवळाची म्हणून सांगतात आणि मागच्या बाजूला असलेला नंदी दाखवतात. पण आमच्याकडच्या सांगण्यात कारण बहुतेक वेळा बदलतं. कीर्तनाच्या आवाजाने पूजेत व्यत्यय येत होता, म्हणून त्यांना मागे पाठवलं म्हणे. जातीची तक्रार आवाजाच्या तक्रारीत कधी विरघळली, कोण जाणे. हा बदल मला खटकतो.

म्हणूनच जुन्या माणसांना अंतर्मुख-बहिर्मुख अशी लेबलं लावताना जपून राहावं लागतं. जनाबाई गंगाखेडची. १९९९ साली हिंगोली वेगळा होईपर्यंत आम्ही आणि गंगाखेड एकाच परभणी जिल्ह्यात होतो. ती नामदेवांच्या घरी दळणकांडण करायची, तिचा संवाद जात्याशी आणि विठ्ठलाशी. तिला एकांत आवडत होता की दासीला दुसरं काही मिळतच नव्हतं? आणि चोखोबा महाद्वाराबाहेर उभे राहिले ते काही गर्दी नको म्हणून नव्हे.

ज्ञानेश्वरांनी १२९६ साली आळंदीला समाधी घेतली. ते आत बसले आणि दारावर शिळा लावली गेली. नामदेवांनी १३५० साली देह ठेवला आणि परंपरा सांगते की त्यांनी जागा मागून घेतली ती विठ्ठलाच्या महाद्वारातली, येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांच्या पायाखालची. आषाढीला आमच्या साखऱ्याकडचे वारकरी तिथे पोचतात, तेव्हा मागून रेटा असतो. तरी ते क्षणभर वाकून पायरीला हात लावतात आणि तिच्यावर पाय न देता ओलांडून आत जातात.